पिल्लू नंतर, आधी त्याची माय बघा

डॉक्टर, नमस्कार.

आम्ही अंबाजोगाईला असतो. मी शिक्षिका आहे. मुलगी नुकतीच दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली. ‘पेपर चांगले गेले तर पर्शियन मांजर घेऊन देऊ’ असा शब्द आम्ही तिला दिला होता. आता रोज मोबाईलवर पिल्लांचे फोटो दाखवायली आहे. पुण्याचा एक जण 14 हजारांत ‘सेमी पंच फेस, ट्रिपल कोट’ पिल्लू देतो म्हणतो. अक्षय तृतीयेपर्यंत घेतलं तर 12 हजार. पिल्लू 40 दिवसांचं आहे, दोन्ही इंजेक्शनं झालीत, केसीआयचे कागद मिळतील, 3 हजार टोकन टाका, ट्रॅव्हल्सनं सकाळी अंबाजोगाईत पोच, असं त्याचं म्हणणं. आईचा फोटो मागितला तर एक आला. पण घरी येऊन बघतो म्हटलं, तर ‘बाहेरच्यांना येऊ देत नाही, पिल्लांना इन्फेक्शन होतं’ म्हणाला. माणूस बोलायला गोड आहे. यांचं म्हणणं, शाळेमागं मांजर व्याली आहे, त्यातलंच एक उचल. मुलीचा उतरलेला चेहरा बघवत नाही. चांगला ब्रीडर ओळखायचा कसा, आणि हा माणूस तुम्हाला बरा वाटतो का, एवढं सांगा.

— एक आई, अंबाजोगाई

ताई,

बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण एवढं आधी ऐका: टोकन टाकू नका. अक्षय तृतीयेची मुदत, 2 हजारांची सूट, ‘अजून दोघं मागं लागलेत’ असे निरोप, हे सगळं तुम्हाला विचार करायला वेळ मिळू नये म्हणून असतं. पिल्लू काही सोनं नाही की मुहूर्त साधून घ्यावं.

आपल्या भागात जनावर पारखण्याची समज पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. माळेगावच्या जत्रेत देवणी कालवड घेणारा शेतकरी नुसती कालवड बघून पैसे मोजत नाही. तिची माय किती दूध देते, हे कितव्या वेताचं वासरू, वळू कुणाचा, हे विचारतो. दात बघतो, चार पावलं चालवून बघतो. जमलं तर विकणाऱ्याच्या गोठ्यापर्यंत जाऊन येतो. लाल कंधारी घेणाराही तेच करतो. खाण तशी माती, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. आणि त्याच घरातली माणसं लेकरासाठी मांजर घेताना एका फोटोवर पैसे पाठवून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. घरात सांभाळलेलं मांजर 12 ते 15 वर्षं जगतं. तुमची लेक कॉलेज, नोकरी, कदाचित सासरपर्यंत पोचेल, तेव्हाही ते तुमच्या घरात असेल. इतक्या वर्षांचा हा सोबती आहे.

एवढ्या तळमळीनं सांगते, त्याला कारण आहे. परभणीत माझ्या दवाखान्यात दर उन्हाळ्यात अशी पिल्लं येतात. त्यातलं एक अजून डोळ्यांपुढून हलत नाही. सकाळी साडेसहाला फोन आला, सातला वडील आणि मुलगा दारात. हातात पुठ्ठ्याचं खोकं, सुतळीनं बांधलेलं, कडेला पेननं पाडलेली पाच-सहा भोकं. रात्रभर ते ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत होतं. तळाचा पेपर भिजून त्याचा लगदा झाला होता आणि पिल्लू कोपऱ्यात अंग चोरून बसलं होतं. केसांमुळं वरून गुटगुटीत दिसायचं, हात लावला की खाली नुसती हाडं. विकणाऱ्यानं वय दोन महिने सांगितलं होतं. काट्यावर ठेवलं तर 420 ग्रॅम. मांजराचं पिल्लू जन्मतः साधारण 100 ग्रॅमचं असतं आणि पुढं महिन्याला अर्ध्या किलोच्या आसपास वाढतं. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू किलोच्या जवळपास हवं. तोंड उघडून पाहिलं, दुधाच्या दाढा पुरत्या वर आलेल्या नव्हत्या. डोळ्यांचा रंग अजून तोच धुकट निळा, जो सहाव्या-सातव्या आठवड्यापासून बदलायला लागतो. ते लेकरू फार तर पाच आठवड्यांचं होतं.

त्या दिवशी ते थोडं खायलाही लागलं. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. पाचव्या दिवशी अंग गार पडलं. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसायचं, पण एक घोट घेववत नव्हता. सहाव्या दिवशी पहाटे गेलं. विकणाऱ्याचं म्हणणं, ‘माझ्याकडं ठणठणीत होतं, तुम्हीच काहीतरी खाऊ घातलं.’ पोरगं दोन दिवस जेवलं नाही. महिन्याभरानं त्याच माणसानं अर्ध्या किमतीत दुसरं पिल्लू पाठवलं, मला न विचारता घरच्यांनी ठेवूनही घेतलं. तेही आठवड्यात गेलं.

या रोगाचं नाव पॅनल्युकोपेनिया. कुत्र्यांच्या पार्व्होच्या भावकीतला विषाणू. तो शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते दहा दिवस जातात. म्हणून पिल्लू निघताना खेळतं असतं आणि तुमच्या घरी येऊन आजारी पडतं. ‘माझ्याकडं ठणठणीत होतं’ हे दिसायला खरं असलं, तरी आजार त्याच्याच घरातून आलेला असतो. आणि हा विषाणू फरशीच्या भेगांत, पांघरुणात, खाण्याच्या भांड्यावर वर्षभर टिकू शकतो. दुसरं पिल्लू त्यामुळंच गेलं. साध्या साबणानं तो मरत नाही, त्याला ब्लीचसारखं जंतुनाशक लागतं. फिनाईल तर मांजराच्या घरात नकोच; पायाला लागलेलं फिनाईल मांजर चाटतं आणि त्याचं विष त्याला बाधतं. पिल्लू यायच्या आधीच ती बाटली घरातून काढा.

आता त्या माणसाच्या बोलण्याकडं येऊ.

‘40 दिवसांचं, दोन्ही इंजेक्शनं झालीत.’ तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या एका वाक्यात आहे. आपल्याकडं वासराला चीक पाजल्याशिवाय कुणी राहत नाही. मांजराचंही तसंच आहे. पहिल्या दिवसाच्या चिकातून पिल्लाला आईची रोगाशी लढायची ताकद मिळते. ती काही आठवडे पुरते, मग हळूहळू ओसरते; कुणाची सहाव्या आठवड्यात, कुणाची पार सोळाव्यापर्यंत. ती अंगात असेपर्यंत बाहेरून दिलेली लस नीट लागू पडत नाही आणि ती नेमकी कधी संपली हे वरून दिसत नाही. म्हणून पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देतात आणि पिल्लू 16 आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस देतात. पॅनल्युकोपेनिया आणि सर्दीचे दोन विषाणू, अशा तिघांविरुद्धची ही लस. डॉक्टर तिला ट्रायकॅट म्हणतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. म्हणजे 40 दिवसांच्या पिल्लाला दोन्ही इंजेक्शनं होऊच शकत नाहीत. एक तर दिलेलीच नाहीत, किंवा ज्यानं दिली त्याला त्यातलं कळत नाही. लसीचं कार्ड मागा. खऱ्या कार्डावर लसीच्या बाटलीवरचं छोटं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यावर बॅच नंबर असतो. शेजारी तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक. नुसती पेननं तारीख टाकलेलं कार्ड कुणीही छापून घेऊ शकतं. कार्डावरच्या डॉक्टरांना फोन लावायला अजिबात संकोच करू नका. मला असे फोन आले की मला बरंच वाटतं.

‘केसीआयचे कागद.’ केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया. ती संस्था कुत्र्यांची नोंदणी करते. मांजराचे केसीआय कागद नसतातच. मांजरांच्या वंशावळीची नोंद ठेवणाऱ्या संस्था वेगळ्या: अमेरिकेतली सीएफए 1906 पासूनची, टिका 1979 ची, युरोपातली फिफे, वर्ल्ड कॅट फेडरेशन. खऱ्या वंशावळीच्या कागदावर आई-बाप, आजी-आजोबा अशा किमान तीन पिढ्यांची नावं आणि नोंदणी क्रमांक असतात, ब्रीडरच्या कॅटरीचं, म्हणजे तो मांजरं वाढवतो त्या जागेचं, नाव असतं आणि त्या संस्थेकडून ते पडताळून घेता येतं. आपल्याकडं पर्शियन म्हणून विकली जाणारी बरीच पिल्लं विनाकागदाची असतात. कागद नसलेलं पिल्लू वाईट असतं असं मी म्हणणार नाही; माझ्या दवाखान्यात अशी कितीतरी गुणी मांजरं येतात. पण मग ‘प्युअर ब्रीड’ म्हणून जास्तीचे पैसे मोजू नका, आणि खोटा कागद देणाऱ्याकडून तर काहीच घेऊ नका. जो कागदाबाबत खोटं बोलतो, तो लसीबाबत खरं का बोलेल? कागद खरा निघाला तरी त्यावरून वंश कळतो, तब्येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

‘सेमी पंच फेस.’ डॉल फेस, सेमी पंच, पंच, एक्स्ट्रीम पंच ही सगळी बाजारातली भाषा आहे. नाक जितकं चपटं तितका भाव जास्त. इथं माझं मत अगदी स्पष्ट आहे. मराठवाड्यात चपट्या नाकाचं मांजर आणू नका. नाक आत दबलं की नाकपुड्या अरुंद होतात, डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची वाट मोडते म्हणून डोळे सतत वाहतात, जबडा आखूड पडून दात एकमेकांवर चढतात, खाताना दम लागतो. मांजराला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. अंग चाटून आणि गार जागा शोधून ते स्वतःला थंड ठेवतं. आपल्याकडं मे महिन्यात पारा 42-43 वर जातो, दुपारी लाईट जाते, कूलरला पाणी टँकरचं. लांब केसांचं, चपट्या नाकाचं जनावर अशा दुपारी तोंड उघडून धापा टाकायला लागतं. मांजर तोंड उघडून धापा टाकतंय म्हणजे ते संकटात आहे, तेव्हा कुत्र्यासारखं ‘गरम होतंय’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. पर्शियनच हवं असेल तर डॉल फेस, म्हणजे ज्याचं नाक नाकासारखं दिसतं, ते बघा. ‘ट्रिपल कोट’ म्हणजे फार दाट केस; त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. आणि फोटो बघता बघता मुलगी दुमडलेल्या कानांच्या मांजरापाशी थांबली, तर तिला एवढं सांगा: ते कान ज्या दोषामुळं दुमडतात तो अंगभर कूर्चेत असतो. पुढं त्या मांजराचे सांधे, शेपटी, पाय आखडतात, आणि ते बोलून दाखवू शकत नाही.

राहिलं ‘घरी येऊ देत नाही, इन्फेक्शन होतं’. यात थोडं तथ्य आहे, म्हणून नीट सांगते. लस न झालेल्या पिल्लांजवळ बाहेरचं माणूस नको, हे जबाबदार ब्रीडरही पाळतो. पण तो म्हणतो, ‘आत्ता नको, पिल्लांचा दुसरा डोस झाल्यावर या, येताना दुसऱ्या कुणाकडची मांजरं हाताळून येऊ नका, तोवर व्हिडिओ कॉलवर आईसकट दाखवतो.’ तो पिल्लांसाठी तुम्हाला थांबवतो. तुमच्या त्या पुण्याच्या विकणाऱ्यानं कधीच या म्हटलेलं नाही, आणि तीच पिल्लं अनोळखी डिक्कीत घालायला मात्र तो तयार आहे.

छत्रपती संभाजीनगरला माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. तीन माद्या, सगळी मांजरं घरातच. त्यांच्याकडं एका कुटुंबाबरोबर मी गेले होते तेव्हाचं सांगते. चपला बाहेर, आत आल्यावर साबणानं हात कोपरापर्यंत. मग आम्हाला खाली चटईवर बसवलं आणि म्हणाल्या, ‘कुणाला उचलू नका, त्यांना तुमच्याकडं येऊ द्या.’ पाच मिनिटांत एक पिल्लू पर्सच्या पट्ट्याला लोंबकळत होतं, दुसरं माझ्या पायावर झोपलं होतं. आई कपाटावरून सगळं बघत होती, मग खाली येऊन मांडीला डोकं घासून गेली. घराला मुताचा उग्र वास नव्हता. मातीचे ट्रे मांजरांपेक्षा एक जास्तच. बाईंकडं एक वही होती, प्रत्येक पिल्लाचं जन्मापासूनचं रोजचं वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं. एक पांढरं-करडं पिल्लू त्या मुलीला फार आवडलं. बाई म्हणाल्या, ‘ते देणार नाही. त्याच्या छातीत डॉक्टरांना आवाज येतो. ते माझ्याकडंच राहील.’ त्याचे पैसे सहज मिळाले असते.

आणि मग प्रश्न विचारायची त्यांची पाळी आली. घर कितव्या मजल्यावर? खिडक्यांना जाळी आहे का? दिवसा घरी कोण असतं? सुट्टीत गावाला गेलात तर मांजर कुणाकडं? रोज केस कोण विंचरणार? नसबंदीचं ऑपरेशन कधी करणार? एका माणसाला मांजर ‘जोडी लावून पिल्लं काढायला’ हवं होतं, त्याला त्यांनी नाही म्हणून परत पाठवल्याचंही सांगितलं. ताई, मुलगी देताना आपण घर बघतो ना, तसा चांगला ब्रीडर तुमचं घर बघतो. जो तुम्हाला एकही प्रश्न विचारत नाही, फक्त पैसे कधी टाकता एवढं विचारतो, त्याला ते पिल्लू कुठं जाणार याची काळजी नाही.

तुम्ही जाल तेव्हा आधी पिल्लाकडं बघूच नका, त्याची माय बघा. ती कुठं आहे? ‘माहेरी गेली’, ‘दुसऱ्या घरी ठेवलीय’ अशी उत्तरं आली तर उठून या. ती भेटली तर तिच्या अंगावर मांस आहे का, केस गेलेत का, माणसाला बघून दबकते का, हे बघा. विचारा, हे कितवं वेत? आधीचं कधी झालं? मांजर साधारण 63 ते 65 दिवस गाभण असते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही परत माजावर येऊ शकते. हावरा माणूस तिला लगेच बोक्याजवळ सोडतो, वर्षाला तीन वेतं काढतो. अशा मादीची पिल्लं वेताला वेत कमजोर होत जातात आणि ती स्वतः चार-पाच वर्षांत चिपाड होते. दोन वर्षांत तीन वेतं, याच्या वर माझ्या मते कुणी जाऊ नये. एकाच माणसाकडं पर्शियन, सयामी, बंगाल, मेन कून सगळं ‘अव्हेलेबल’ असेल, तर ती पिल्लं बहुधा त्याच्या घरी जन्मलेली नसतात, दहा ठिकाणांहून गोळा केलेली असतात, आणि रोगही तसेच गोळा झालेले असतात.

पर्शियनच्या बाबतीत एक प्रश्न नक्की विचारा: ‘आई-बापाची पीकेडीची तपासणी झाली आहे का?’ या आजारात मूत्रपिंडात पाण्याचे फोड जन्मापासूनच असतात, हळूहळू वाढत जातात, आणि मांजर पाच-सात वर्षांचं झालं की मूत्रपिंडं थकायला लागतात. आई किंवा बाप, एकाकडं जरी तो दोष असला तरी साधारण निम्म्या पिल्लांत उतरतो. कोणत्या जनुकात दोष आहे हे 2004 मध्ये सापडलं, तेव्हापासून गालाच्या आत कापूस फिरवून डीएनए चाचणी करता येते. दहा महिन्यांनंतर सोनोग्राफीतही बहुतेक वेळा दिसतं. खरं सांगते, आपल्या भागात ही चाचणी करणारे ब्रीडर फार थोडे. पण प्रश्न विचारल्यावर समोरचा काय करतो ते बघा. ‘हे काय असतं?’ म्हणाला तर तो नुसता व्यापारी. ‘चाचणी केली नाही, पण आजी आमच्याकडं 13 वर्षं होती, तिची सोनोग्राफी केली होती’ म्हणाला, तर त्याच्याशी पुढं बोलण्यात अर्थ आहे.

मग पिल्लू हातात घ्या. डोळे-नाक कोरडे हवेत, शिंक नको. कानात कॉफीच्या भुकटीसारखा काळा मळ दिसला तर कानात किडे आहेत. शेपटी उचलून बघा, मागचे केस चिकट-पिवळे असतील तर जुलाब चालू आहेत. पोट टम्म आणि पाठ हडकुळी म्हणजे जंत. कानांच्या कडेला, नाकावर, पंज्यांवर केस गेलेले गोल चट्टे असतील तर नायटा; तो माणसालाही लागतो, आणि एकदा घरात शिरला की महिनोन्‌महिने जात नाही. ‘उन्हामुळं केस गळालेत’ या उत्तरावर विश्वास ठेवू नका.

वयाचं मात्र अजिबात सोडू नका: 12 आठवडे, म्हणजे पूर्ण तीन महिने झाल्याशिवाय पिल्लू घरी आणायचं नाही. लोकांना 40-45 दिवसांचं हवं असतं, कारण ते मुठीत मावतं आणि फोटोत गोड दिसतं. विकणाऱ्यालाही तेच सोयीचं, दीड महिन्याचं खाणं आणि लसीचा खर्च वाचतो. पण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लू माणसाला ओळखायला शिकतं आणि त्यापुढं आई-भावंडांकडून किती जोरात चावायचं, नखं कधी आत घ्यायची हे शिकतं. फार लवकर तोडलेली पिल्लं पुढं हाताला चावतात, गोधडी चोखत बसतात, आणि मग तेच लोक ‘मांजर चावरं निघालं’ म्हणून माझ्याकडं घेऊन येतात.

पैशांचं थोडक्यात. कुत्र्यांच्या प्रजननासाठी 2017 चे केंद्राचे नियम आहेत, मांजरांच्या ब्रीडरसाठी तसे वेगळे नाहीत. दुकानातून घेणार असाल तर 2018 च्या पेट शॉप नियमांनुसार दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी हवी, ती मागून बघा. घरगुती ब्रीडरकडून साध्या कागदावर का होईना, लिहून घ्या: पिल्लाची जन्मतारीख, आई-बापाची नावं, लसी, किंमत, आणि 14 दिवसांत संसर्गजन्य आजार निघाला तर काय करणार. पिल्लू आणल्यावर दोन दिवसांत तुमच्या डॉक्टरांना दाखवा. पावती असली तर जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं शुल्क लागत नाही. आणि कुणाकडून टोकन जाऊन माणूस गायब झालाच असेल, तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करा. जितका उशीर तितके पैसे मिळणं अवघड.

तेव्हा त्या माणसाला कळवा, ‘आम्ही पुण्याला येऊन आईसकट पिल्लू बघू, तीन महिन्यांचं झाल्यावर नेऊ, पैसे तेव्हाच देऊ.’ तो हो म्हणाला तर त्याला अजून एक संधी द्या. मला वाटतं, तो पुन्हा फोन उचलणार नाही. मग घाई नको. परळीहून गाडीत बसलात की हैदराबाद आहे, इकडं नांदेड, संभाजीनगर आहे. दोन-तीन घरं बघा, आणि मृग लागून हवा जरा निवल्यावर पिल्लू आणा, प्रवास तुमच्या मांडीवरच्या टोपलीत होऊ द्या. लेकीला बरोबर न्या. वर लिहिलेले प्रश्न तिलाच विचारू द्या, वहीत लिहून नेऊ द्या. दहावीचे पेपर दिलेली मुलगी आहे, हे तिला छान जमेल, आणि वाट बघायला तिच्या हाताला कामही मिळेल.

तुमच्या घरच्यांचं म्हणणं मला मोडीत काढायचं नाही. शाळेमागच्या पिल्लांच्या आखूड केसांना आपलं ऊन मानवतं, ती दुपारी मोरीशेजारच्या शहाबादी फरशीवर पसरली की त्यांना कूलर लागत नाही. पण मुलीला पर्शियनऐवजी म्हणून एक उचलून देऊ नका. तिला संध्याकाळी तिकडं घेऊन जा, दहा मिनिटं लांब बसू द्या, मग तिचं तीच ठरवेल. तिला ती नको वाटली तर तुमचा दिलेला शब्द पाळा, फक्त उशिरा पाळा.

त्या आईचं मात्र बघा. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, तुम्ही जवळ गेलात तर तीही जागा बदलेल. म्हणून रोज एकाच वेळी, एकाच जागी तिला खायला ठेवा, दूध नको, शिजवलेलं चिकन किंवा अंडं. पिल्लं स्वतःचं खायला लागून दोन महिन्यांची झाली की तिला पिंजऱ्यात घेऊन लातूरला किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात ऑपरेशनसाठी न्या, नाहीतर दिवाळीच्या आत ती परत व्यायलेली असेल. परभणीला येणार असाल तर आदल्या दिवशी कळवा, रात्रीपासून तिला उपाशी ठेवा, सकाळी पहिलं ऑपरेशन तिचं करते.